नळावरच्या मावशी

मला मुलांना शिकवायला कुणी शिकवलं, याचं उत्तर माझ्या सेवापुस्तकात आहे. डी.एड., अमुक श्रेणी, प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत सोबत जोडलेली. नोंद खोटी नाही, अपुरी आहे. पहिली ते चौथीच्या वर्गांवर उभी नोकरी गेली. एक पोर दुसऱ्या पोराच्या मागे हात धुऊन लागतं तेव्हा मोठ्या माणसाने नेमकं काय करायचं, हे मला आमच्या शाळेच्या शिपाई मावशींनी शिकवलं. त्या सातवी पास होत्या. पगारपत्रकावरचं त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. अख्खी शाळा त्यांना मावशीच म्हणायची, मुख्याध्यापिकाबाईंसकट. आणि आपलं नाव छापून आलंय असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी आधी ‘कशापायी?’ असं विचारलं असतं.

डी.एड.ला आम्हाला गिजुभाई बधेका होते, ताराबाई मोडक होत्या. भावनगरचं १९२० सालचं बालमंदिर, तिथून निघून ताराबाईंनी मुंबईत आणि पुढे बोर्डी-कोसबाडला उभं केलेलं काम, अनुताई वाघांची साथ. मुलाला मार नको, आमिष नको, त्याचा पाणउतारा नको. हे पेपरात लिहून आम्ही गुण मिळवले आणि मला ते मनापासून पटलंही होतं, आजही पटतं. पण ती सगळी शिकवण मोठ्यांनी मुलांशी कसं वागावं याची होती. बाईंची पाठ वळल्यावर मुलं एकमेकांशी कशी वागतात, याचा आमच्या अभ्यासक्रमात धडाच नव्हता. जणू मोठी माणसं नीट वागली की मुलं आपोआप गुण्यागोविंदाने नांदणार होती.

आमची शाळा चेंबूर स्टेशन आणि नाका यांच्या मधल्या पट्ट्यात. अनुदानित, मराठी माध्यमाची. सकाळी माध्यमिक, दुपारी प्राथमिक, इमारत एकच. मुलं यायची घाटल्यातून, सुभाषनगरातून, सिद्धार्थ कॉलनीतून, टिळकनगरातून, खत कारखान्याच्या वसाहतीतून, थेट माहुल गावातूनही. कुणाचे वडील रिफायनरीत, कुणाचे बेस्टच्या डेपोत, कुणाचे टेम्पोवर, कुणाची आई बाजारात वाटा लावून बसणारी. त्या काळात चेंबूरला लोक थट्टेने ‘गॅस चेंबर’ म्हणायचे. वारा फिरला की वर्गात कारखान्याचा वास यायचा आणि मुलं नाकं धरून हसायची. तो वास सगळ्यांना सारखाच होता. बाकी काही सारखं नव्हतं, आणि कुठे काय कमी आहे हे सहा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं. दप्तर भावाचं जुनं आहे, डब्यात रोज चपाती-साखरच आहे, बूट एकाच पायाला घासलाय, बोलताना ‘र’ येत नाही. आम्ही हजेरी घेत असू. मुलं हे घेत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने किरकोळ, अक्षर मोत्यासारखं. जूनमध्ये चांगला बोलका होता. दिवाळीनंतर मधल्या सुट्टीत बाकावरून उठेनासा झाला. शेवटच्या तासाला चड्डी ओली होऊ लागली. आई भेटायला आली ती पिशवीत लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊनच. रिपोर्टमध्ये काही नव्हतं. ती म्हणाली, “बाई, पाण्याची बाटली जशीच्या तशी परत येते. आणि घरी आला की दप्तर टाकून आधी मोरीत पळतो.” मुलगा पाणी पीत नव्हता, कारण प्यायला तर संडासाकडे जावं लागेल. तिथे का जायचं नाही, हे तो आईला सांगेना, मलाही सांगेना. विचारलं की वहीत समास आखत बसायचा.

अशा वेळचं स्टाफरूमचं औषध ठरलेलं होतं. संशयितांना समोर उभं करायचं, चढ्या आवाजात चार शब्द सुनवायचे, मग “सॉरी म्हण, शेकहँड कर.” शेकहँड करताना कचकन दाबलेली बोटं बाईंना दिसत नाहीत. औषधाने गुण आला नाही तर एक वाक्य राखीव असायचं: मुलंच ती, चालायचंच. पालकांकडेही एक औषध होतं, “तूही एक ठेवून दे.” हा सल्ला मला तेव्हाही बिनकामाचा वाटायचा. जे मूल ठेवून देऊ शकतं त्याच्या वाटेला कुणी जातच नाही. जे देऊ शकत नाही त्याला हा सल्ला दिला की त्याच्या पदरात आणखी एक नापास होणं पडतं, तेही बापाच्या परीक्षेत.

त्या आईला गेटपर्यंत सोडून मी परत आले तर मावशी जिन्याखाली स्टुलावर बसल्या होत्या. ती त्यांची जागा. डोक्यावर टोल, बाजूला बादली, समोर नळ. निळ्या काठाची पांढरी साडी, दातांना मिश्री लावून झालेली. म्हणाल्या, “बाई, वर्गात बसून ह्ये न्हाई कळायचं. उद्या मधल्या सुट्टीत हितं येऊन ऱ्हावा. मातर बोलायचं काय न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले. भिंतीला ओळीने सहा नळ, त्यातले चार चालू. संडासाकडे जायचं तर या नळांसमोरूनच जावं लागे. कडेच्या नळाची धार सगळ्यांत जाड. तिथे तिसरीतला एक मुलगा उभा होता. माझा विद्यार्थी आला, भिंतीला घासत घासत, आणि तिसरीतल्याने नळाच्या तोंडाला अंगठा लावला. धार बरोबर चड्डीच्या पुढच्या बाजूला. सराव असल्याशिवाय नेम इतका साधत नाही. तोंडाने तो काहीच बोलला नाही. बोलली मागची मुलं: “मुतला! मुतला!”

मी पुढे झाले. मावशींनी माझा पदर धरला. “थांबा. पानी मारतोय त्याच्याकडं बगू नका. हसतंय कोन त्ये बगा.”

मग मी बघितलं. एक मुलगा मोठ्याने हसत होता आणि हसता हसता इतरांचे चेहरे तपासत होता. दोघं त्याच्यामागून हसत होते, अर्ध्या सेकंदाने, कोरसमध्ये सूर उशिरा धरावा तसे. एकाचं हसू फारच जोरदार होतं. मावशी म्हणाल्या, गेल्या आठवड्यात तोच भिजत होता. एक मुलगी हसत नव्हती, पण जातही नव्हती. आणि खरी गोष्ट मला सगळ्यांत शेवटी दिसली. अंगठा लावणारा मुलगा भिजणाऱ्याकडे बघतच नव्हता. प्रत्येक धारेनंतर तो मान वळवून मागे बघत होता. त्याचं सगळं लक्ष त्या पाच जणांकडे होतं.

मावशी उठल्या. आवाज चढवला नाही. “ए, खडूचं खोकं हापिसातनं आन जा. तू, त्याच्यासंगं जा, त्याला न्हाई उचलायचं. तू रं, पहिलीच्या वर्गात पंखा चालू ऱ्हायलाय का बगून ये. आन तू हितं माझ्यापाशी ये, ही बादली धर.” मिनिटभरात नळापाशी ती दोन मुलं आणि मुलगी एवढीच उरली. कडेच्या नळावरच्याने आणखी एकदा धार मारली, मागे बघितलं. मागे हसणारं कुणी नव्हतं. त्याने अंगठा काढला, नळ बंद केला आणि शर्टाला हात पुसत निघून गेला. किरकोळ मुलगा संडासाकडे गेला.

“आता उद्या परत मारील,” मावशी म्हणाल्या. “परवा बी मारील. मग कटाळंल.”

तसंच झालं, फक्त त्याला दोन-तीन दिवस नव्हे, आठवडे लागले. मावशींनी मला सांगितलेल्या बाकीच्या गोष्टीही त्या आठवड्यांतल्याच. न हसणाऱ्या, न जाणाऱ्या मुलीला त्यांनी एकदा बाजूला घेतलं. “तू पानी प्यायला निघालीस की त्याला हाक मारत जा,” एवढंच सांगितलं. त्याच्याशी मैत्री कर, त्याचं रक्षण कर असलं काही नाही. ती हाक मारू लागली. आधी तो यायचा नाही, मग यायला लागला. जानेवारीत त्याच्या आईने निरोप पाठवला की बाटली रिकामी येते.

अंगठेवाल्याचं काय करायचं, यावर आमचा वाद झाला. मी म्हटलं, त्याला नळाचा मॉनिटर करू या, जबाबदारी दिली की सुधारेल. ही कल्पना शाळाशाळांत आजही फार लाडकी आहे. मावशींनी हात झटकले. “त्याच्या हातात शिट्टी दिली तर त्यो शिट्टीनं मारील. आता चोरून मारतोय, मग हक्कानं मारील.” त्यांनी त्याला सतरंजी घडी करायला घेतलं. परिपाठानंतर सभागृहातल्या लांबलचक सतरंज्या उचलायच्या असायच्या, आणि सतरंजी एकट्याने घडी होत नाही. एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला तो. टोकं जुळवायला दोघांनी एकमेकांकडे चालत यावं लागतं, प्रत्येक घडीला एकदा. त्या वेळी दोघं काहीतरी बोलायचे. काय, ते मला कधी कळलं नाही आणि मावशींनी सांगितलंही नाही. त्याच्या घरी काय होतं, त्याला कोण मारायचं की नाही, याची एखादी करुण कहाणी इथे जोडली तर लेख गोळीबंद होईल, पण माझ्याकडे ती नाही. तो धारा मारायचा थांबला, एवढं माझ्यासमोर झालं.

आणि एक नियम: गेटवर बोलायचं नाही. तिसरीतल्याच्या आईला मी गेटवर गाठून सांगणार होते. मावशी म्हणाल्या, “गेटावर बोललेलं समद्या चेंबूरला ऐकू जातं. ती घरी जाऊन त्याला बडवील, आन त्यो उद्या हितं कुनाला तरी बडवील.” दोन्ही घरच्यांना एकाच वेळी बोलवायचं नाही, ऑफिसच्या बाकावर शेजारी बसवायचं तर मुळीच नाही. मावशींनी त्या बाईंना जिन्याखाली आपल्याच स्टुलावर बसवलं, चहा दिला, आणि आधी मुलगा सतरंजी किती छान घडी करतो ते सांगितलं. ती बाई रडायला लागली. शाळेने बोलावलं म्हणजे चार माणसांत अब्रू जाणार, याच तयारीने ती बाजारातला वाटा शेजारणीवर सोपवून आली होती.

मावशी म्हणजे साक्षात माउली होत्या, असं मात्र कुणी समजू नये. ऑफिसातल्या क्लार्कशी त्यांचं वर्षानुवर्षं हाडवैर होतं. डबा पूर्ण संपवणारी मुलं त्यांची लाडकी, भाजी टाकणारी नावडती, आणि ही आवडनिवड त्या लपवायच्या नाहीत. पावसाळ्यात ओल्या छत्र्यांवरून अशा तोंड सोडायच्या की गिजुभाईंनी कान झाकले असते. आणि आपली हद्द कुठे संपते हेही त्यांना ठाऊक होतं. घरी जाताना वाटेत काय होतं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “गेटाबाहेरचं माझ्या हातात न्हाई, बाई. हितलं हाय.”

२००० नंतरची काही वर्षं चेंबूरमध्ये सामान हलवण्याची होती. रेल्वेमार्गांच्या आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी रुळांलगतच्या झोपड्या हटवल्या आणि हजारो कुटुंबं वाशी नाक्याच्या, मानखुर्दच्या नव्या इमारतींत आली. शाळेच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की वर्षाच्या मध्येच दाखला घेऊन मुलं येऊ लागली. कुणाचा गणवेश जुन्या शाळेचा, कुणाची पुस्तकं सामानात हरवलेली. चाळीस वर्षं एका रांगेत राहिलेले शेजारी सोडतीने वेगवेगळ्या मजल्यांवर गेलेले. मोठ्यांनाच शेजार नवा, तिथे मुलांचं काय.

तिसरीत असा एक मुलगा आला. कुर्ल्याजवळ रुळांच्या कडेला त्यांचं घर होतं. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव ‘पटरी’ पडलं. तो वर्गात शिरला की मागच्या बाकावरून आगगाडीची शिट्टी. मी कोण हसतंय ते बघायला शिकले होते. कामं वाटून बघे पांगवायचीही सवय झाली होती. पण वर्गात चाळीस जण असतात आणि खडूचं खोकं एकच. मी विचार करत होते, तोवर ते काम एका मुलीने करून टाकलं. अभ्यासात मध्यम, रिबिनी नेहमी सुटलेल्या, तोंडाळ. शिट्टी झाली तशी ती उठली, सरळ त्याच्या बाकाशी गेली आणि विचारलं, “तुझ्या घरातून लोकल दिसायची? स्लो की फास्ट?”

तो गप्प. मग म्हणाला, “दोन्ही. न बघता पण सांगता यायचं.”

“कसं?”

त्याने सांगितलं. फास्ट आली की भांड्यांची फळी एकसारखी थरथरते. स्लो थांबायला लागली की थरथर तुटक होते. मालगाडी आली की पाण्याच्या हंड्यात गोल गोल लाटा उठतात, आणि मेल एक्स्प्रेसचा भोंगा लांबूनच वेगळा. शिट्टी वाजवणारे मागच्या बाकावरचे दोघं पुढे आले, कारण मुंबईतल्या आठ वर्षांच्या मुलग्याला लोकलमध्ये रस नाही असं होतच नाही. एकाने बाकावर मुठी आपटून विचारलं, ही कुठली? “ही कुठलीच नाय,” तो म्हणाला, “ही बंद पडलेली.” वर्ग हसला. या वेळी त्याच्याबरोबर हसला. त्या तासाला मी परिसर अभ्यासाचा धडा बाजूला ठेवला. पुढे त्याला ‘पटरी’ म्हणणं एकदम थांबलं असं नाही, पण म्हणण्यातला कडवटपणा गेला, आणि वार्षिक परीक्षेपर्यंत ते नावही मागे पडलं.

त्या मुलीला मी त्या दिवशी शाबासकी दिली नाही, मुद्दामच. चाळीस जणांसमोर ‘बघा, ही किती गुणी’ म्हटलं असतं तर पुढच्या सुट्टीत तिचीच पाळी आली असती. पण तिचं ऋण आहे. मावशींनी मला बघे पांगवायला शिकवलं होतं. बघ्यांना पांगवायचीच गरज नाही, त्यांचं तोंड दुसरीकडे वळवलं तरी भागतं, हे त्या सुटलेल्या रिबिनींकडून कळलं.

बऱ्याच वर्षांनी माझी मुलगी समाजकार्याचा अभ्यास करत होती तेव्हा तिने मला काही कागद छापून आणून दिले. “आई, हे तुझ्या मावशींबद्दल आहे,” म्हणाली. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीला शाळेतल्या छळामुळे तीन मुलांनी जीव दिला. देश हादरला आणि १९८३ मध्ये सरकारने शाळांमधून देशव्यापी मोहीम घेतली. डॅन ओल्विउस या मानसशास्त्रज्ञाने बर्गन शहरातल्या ४२ शाळांमधली अडीच हजार मुलं त्यानंतर अभ्यासली. दोन वर्षांत छळाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलं. त्याला दिसलेली एक साधी बाब अशी, की मधल्या सुट्टीत मोठी माणसं जास्त संख्येने मैदानावर असतात, तिथे छळ कमी असतो. मी ते वाक्य दोनदा वाचलं. जिन्याखालचं स्टूल!

पुढचा कागद फिनलंडचा. तिथल्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलं, की छळ हा दोघांचा मामला नसतो, त्यात वर्गातल्या बहुतेकांना भूमिका असते: साथ देणारे, हसून खतपाणी घालणारे, बाजूला उभे राहणारे, आणि मोजके पाठीशी उभे राहणारे. १९९६ म्हणजे साधारण आमच्या नळाचाच काळ. त्यातून तिथे किवा नावाचा कार्यक्रम उभा राहिला आणि २००९ पासून देशभरच्या शाळांत गेला. त्यात त्रास होणाऱ्या मुलाच्या वर्गातली दोन-चार चांगली, इतरांत वजन असलेली मुलं निवडून शिक्षक त्यांना त्याला साथ द्यायला सांगतात. ‘पाणी प्यायला निघालीस की हाक मारत जा.’ सुट्टीत देखरेख करणारी मोठी माणसं लांबून ओळखू यावीत म्हणून ठळक रंगाची जाकिटं घालतात. आमच्याकडे निळ्या काठाची साडी होती.

तिसरा कागद टोरांटोचा, २००१ सालचा. तिथल्या संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर मुलांचं चित्रीकरण करून पाहिलं. छळाच्या दर १०० प्रसंगांपैकी ८८ प्रसंगी इतर मुलं तिथे हजर होती. ती मध्ये पडली फक्त १९ टक्के वेळा. पण मुलं मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, म्हणजे ५७ टक्के प्रसंगांत, दहा सेकंदांच्या आत सगळं थांबलं. दहा सेकंद. “स्लो की फास्ट?” विचारायला तेवढेही लागत नाहीत.

मी हे सगळं मावशींना सांगितलं. तोवर त्या निवृत्त होऊन पाटण तालुक्यातल्या गावी गेल्या होत्या, फोनवर बोललो. नॉर्वे कुठे आलं ते सांगावं लागलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मंग त्यास्नी पगार किती देत्यात?”

प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही. शासनाने या विषयात काही केलं नाही असं नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद केले. पण तो हात मोठ्यांचा अडवतो. मुलांसाठीची १०९८ ही फोनसेवा तर आमच्या पंचक्रोशीतच जन्मली, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, १९९६ मध्ये, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने. ‘दस नौ आठ’ हा आकडा पोराच्या तोंडी सहज बसतो आणि या सेवेने किती मुलांना हात दिला असेल त्याला गणती नाही. २०२२ मध्ये शाळांत सखी सावित्री समित्या नेमायचा शासन निर्णय झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतला अत्याचाराचा प्रकार उघड झाला तेव्हा समित्या, सीसीटीव्ही, तक्रारपेट्या यांची पुन्हा धावपळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. फक्त पहिलीतल्या मुलाला अजून जोडाक्षर येत नसतं. तो पेटीत काय टाकणार? आणि कॅमेऱ्याला दिसतं सगळं, पण कॅमेरा कुणाला खडू आणायला पाठवू शकत नाही.

ते काम करणारं माणूस मात्र आपण कमी केलं. डिसेंबर २०२० मध्ये शासन निर्णय आला, की अनुदानित माध्यमिक शाळांतली शिपायांची पदं रिकामी झाली की पुन्हा भरायची नाहीत. त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता मिळेल. मावशी माध्यमिकच्याच पटावर होत्या. भत्त्यातून झाडलोट होते, टोल पडतो. पण भत्त्यावर आलेली व्यक्ती दोन-चार महिन्यांत बदलते, आणि नळावर कोण कशाला हसतं हे कळायला मुलांची नावं, भावंडं, आया आणि गेल्या आठवड्यात कोण भिजलं होतं हे ठाऊक असावं लागतं. शिपाई म्हणजे घंटा आणि झाडू, असा हिशेब ज्यांनी मांडला, त्यांना जिन्याखालचं स्टूल हे शाळेतलं सगळ्यांत महत्त्वाचं आसन होतं याची कल्पना नसावी. मावशींच्या निरोपसमारंभातही भाषणं स्वच्छता आणि वक्तशीरपणा यांवर झाली. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. मी बोलायला उठले तेव्हा टाळ्यांची घाई झाली होती. मिळाला तेवढ्या वेळात तीन सतरंज्याही घडी होत नाहीत.

आता मीही निवृत्त आहे. आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका मध्ये घरी आली होती, हेच सगळं विचारायला. तिच्या पहिलीत एक मुलगी डबाच उघडत नाही. मी तिला जिन्याखाली उभं राहायला सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, त्याच वेळात मला पोषण आहाराची माहिती मोबाईलवरून भरायची असते.” तेही खरं. मग आम्ही शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना गाठलं. त्यातल्या दोघी पाळीपाळीने मधल्या सुट्टीत नळाजवळ येऊन बसायला तयार झाल्या. आधी काही दिवस त्या आपापल्याच मुलांना घास भरवत बसल्या. मग एकीला दिसलं कोण हसतं ते. तिने मुलं कामाला लावायला सुरुवात केली, फारच जोमाने, आणि गेल्या शुक्रवारी मला तिचा फोन आला. “बाई, ऑफिसवाले ओरडतात,” म्हणाली, “खडू तरी किती वेळा आणवायचे? दुसरं काहीतरी सांगा.”

मी तिला सतरंजीचं सांगितलं.